रविवारची सुट्टी कुणी आणली? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या आयुष्याची गोष्ट

परभणी : शुक्रवारी सण आला अन् त्याला जोडून शनिवार-रविवार आले की सोमवारी तहसील कार्यालयाच्या दारात काय गर्दी उसळते, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. सातबारा, फेरफार, पीकविम्याची तक्रार, बँकेचं काम, सगळं एकाच दिवशी अंगावर येतं. पाच दिवसांचं काम चार दिवसांत बसवायचं म्हणलं की टेबलामागचा कर्मचारीही घाईत अन् रांगेतला माणूसही घाईत. सुट्टी सगळ्यांना गोड लागते, पण सुट्टीनंतरचा आखूड आठवडा सगळ्यांची परीक्षा घेतो.

ही ओढाताण आजची नाही. एकशे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या हजारो गिरणी कामगारांचा सात दिवसांचा आठवडा सहा दिवसांचा झाला, तेव्हाही हाच प्रश्न होता. कमी झालेला दिवस भरून कसा काढायचा, त्या दिवशी पोटाचं काय, अन् मोकळ्या दिवसाचं करायचं काय? तो एक दिवस ज्यांच्या धडपडीतून मिळाला, त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. रविवार सगळ्यांना ठाऊक आहे. हे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

गोदामातला कारकून

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. पोटापाण्यासाठी कुटुंब ठाण्याला आलं. आज आपल्या भागातली माणसं पुणे, चाकण, वाळूजला जातात, तसंच ते स्थलांतर होतं. परिस्थिती बेताचीच होती, तरी नारायणरावांनी मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतलं. त्या काळात बहुजन समाजातल्या मुलानं मॅट्रिकपर्यंत पोहोचणं ही मोठी गोष्ट होती.

शिक्षणानंतर त्यांनी आधी रेल्वेत नोकरी केली, नंतर टपाल खात्यात. पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर, म्हणजे गोदाम सांभाळणारे कारकून म्हणून लागले. सावलीतली, बसून करायची नोकरी. मान खाली घालून हिशेब लिहीत राहिले असते तर आयुष्य बरं गेलं असतं. पण गोदामाच्या दारातून रोज जे दिसत होतं, ते त्यांना बघवलं नाही.

मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं काम कावसजी दावर यांनी १८५४ साली हाती घेतलं. नंतरच्या तीस वर्षांत गिरण्यांची चिमणी जिकडंतिकडं दिसू लागली. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसं शेती सोडून, नाहीतर शेती भावावर टाकून मुंबईला येत होती. गिरणीची वेळ घड्याळावर नव्हती, सूर्यावर होती. दिवस उगवला की भोंगा अन् मावळला की सुटका. त्यामुळं उन्हाळ्यात कामाचा दिवस लांबायचा, हिवाळ्यात थोडा आखडायचा. कापसाचा धुरळा नाकातोंडात, यंत्रांचा आवाज कानात, अन् खोलीवर परत येईपर्यंत अंधार. मोठ्या सणांना गिरणी बंद राहायची, पण बंदच्या दिवशीही यंत्रं पुसायला अन् साफ करायला माणसं बोलावली जायची. म्हणजे सुट्टीतलाही अर्धा दिवस गिरणीतच जायचा.

पगाराचीही तीच गत. या महिन्याची मजुरी पुढच्या महिन्यात कधीतरी हातात पडायची. तोवर किराणा उधारीवर. कामावर घेणं, काढणं, खाडा लावणं हे सगळं मुकादमाच्या हातात. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाचं जे वजन असतं, तेच वजन गिरणीतल्या मुकादमाचं होतं.

या साऱ्याला कायद्याचा आधार फार तोकडा होता. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली अन् महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. याचा दुसरा अर्थ असा, की सात वर्षांच्या लेकराला नऊ तास राबवणं कायद्याला मान्य होतं. अन् मोठ्या बायका-पुरुषांसाठी त्या कायद्यात तासांची मर्यादाही नव्हती अन् आठवड्याची सुट्टीही नव्हती.

फुल्यांच्या सावलीत

लोखंडे मुंबईत नोकरी करत असतानाच महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांकडं ओढले गेले. फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला होता. त्याचं मुंबईतलं काम लोखंडे यांनी पुढं नेलं. मांडवीच्या कोळीवाड्यात ११ मे १८८८ रोजी मोठ्या सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी देण्यात आली. तो सत्कार घडवून आणणाऱ्या मुंबईकर मंडळींत लोखंडे होते.

त्याआधीच त्यांनी एक जोखीम उचलली होती. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ पासून पुण्यात दीनबंधू हे वर्तमानपत्र सुरू केलं होतं. शेतकरी, कष्टकरी यांची बाजू मांडणारं ते पत्र पैशाअभावी टिकेना. १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत आपल्या हाती घेतलं. कामगाराला लिहिता येत नव्हतं अन् मालकाला ऐकू येत नव्हतं. या दोघांच्या मध्ये दीनबंधू उभा राहिला. गिरणीत किती वाजता काम सुरू होतं, पगार कधी होतो, हात यंत्रात गेला तर पुढं काय होतं, असल्या गोष्टी पहिल्यांदा छापून येऊ लागल्या.

संपादक म्हणून लोखंडे यांचा हात एका ठिकाणी मात्र आखडला, अन् ती गोष्ट शेतकऱ्यांशीच संबंधित आहे. फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहिलं. त्याचे पहिले दोन भाग दीनबंधूत छापले गेले अन् पुढचे थांबले. भाषा जहाल होती, सरकारचा अन् वरच्या वर्गाचा रोष ओढवेल अशी होती. फुल्यांना हे छापणं थांबवणं आवडलं नाही अन् त्यांनी ती नाराजी लपवलीही नाही. तरीही दोघांचं नातं तुटलं नाही. लोखंडे यांची रीत वेगळी होती. ते सरकारशी अन् मालकांशी अर्ज-निवेदनाच्या वाटेनं बोलायचे, सह्या गोळा करायचे, आकडे मांडायचे. ती वाट संथ होती. पण रविवार त्याच वाटेनं आला.

साडेपाच हजार सह्या

१८८४ साली मुंबई सरकारनं फॅक्टरी कायद्यात बदल हवेत का, हे पाहायला आयोग नेमला. लोखंडे यांनी ही संधी हेरली. त्या सप्टेंबरात परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या नावानं कामगारांची संघटना उभी राहिली. देशातली कामगारांची ही पहिली संघटना म्हणून ओळखली जाते अन् लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हटलं जातं.

आज युनियन म्हणलं की वर्गणी, पावतीपुस्तक, पदाधिकारी डोळ्यासमोर येतात. त्या संघटनेत यातलं फारसं काही नव्हतं. सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिहिलेले नियम नव्हते. होता तो एक माणूस, एक वर्तमानपत्र अन् कामगारांचा विश्वास. एवढ्या भांडवलावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. लिहिता न येणाऱ्या माणसासाठी कागदावर आपली खूण करणं किती धाडसाचं असतं, हे गावात सगळ्यांना समजतं. मुकादमानं पाहिलं तर उद्या काम जाईल ही भीती होतीच.

मागण्या साध्या होत्या. दर रविवारी सर्वांना सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवणाची सुटी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्य मावळताना बंद. महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार अन् कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय.

यात कुठंही पगार दुप्पट करा असं नव्हतं. मागितला होता तो वेळ. जेवायला अर्धा तास अन् माणसासारखं जगायला आठवड्याचा एक दिवस.

त्या काळात खानदेशातल्या कापसाच्या जिनिंगचे हालही आयोगापुढं आले होते. हंगामात बायका पहाटे कामाला लागायच्या अन् रात्र पडली तरी सुटायच्या नाहीत. मानवत, सेलूच्या बाजारात कापूस विकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला जिनिंगचा हंगाम म्हणजे काय ते सांगायला नको. बोंडातून निघालेला कापूस धोतर-लुगडं होऊन परत येईपर्यंत किती माणसांचे किती दिवस त्यात जात होते, याचा हिशेब तेव्हा कुणी ठेवत नव्हतं.

महालक्ष्मीचं मैदान

निवेदन दिलं म्हणून लगेच काही झालं नाही. वर्षं गेली. लोखंडे यांनी पाठपुरावा सोडला नाही. १८८९ साली पुन्हा सरकारकडं अर्ज गेला. मग २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर कामगारांची सभा बोलावली गेली. सुमारे दहा हजार कामगार जमले. जिथं एरवी श्रीमंतांच्या घोड्यांच्या शर्यती व्हायच्या, तिथं त्या दिवशी सूत काढणारी अन् कापड विणणारी माणसं दाटीनं उभी होती.

या सभेतली एक गोष्ट आजही विचार करायला लावते. दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० साली, दहा हजारांच्या सभेत, गिरणीत काम करणाऱ्या बायका. गिरणी सुटल्यावर पुरुषाला निदान पाठ टेकता येत होती, बाईची दुसरी पाळी तिथून घरात सुरू व्हायची. आठवड्याच्या सुट्टीची गरज त्यांच्याइतकी कुणाला असणार?

सभेत आठवड्याच्या सुट्टीचं निवेदन मंजूर झालं अन् ते गिरणी मालकांच्या संघाकडं गेलं. रविवारच का, यावर एक कारण आवर्जून सांगितलं जातं. रविवार हा खंडोबाचा वार. गिरणीत राबणारे बहुतेक लोक जेजुरीच्या खंडेरायाला मानणारे. साहेबाचा तो चर्चचा दिवस अन् कामगाराचा देवाचा दिवस, एकच वार दोघांना चालणारा होता. माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या लोकांना यातली मेख लगेच कळेल. मागणी समोरच्याला पटेल अन् आपल्या माणसालाही आपली वाटेल अशी मांडणं, हा लोखंडे यांचा हातखंडा होता.

१० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघानं रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. १८८४ च्या निवेदनापासून धरलं तर त्याला सहा वर्षं लागली.

त्याच वर्षी सरकारनं नवा फॅक्टरी आयोग नेमला. मुंबईपुरतं त्या आयोगाच्या कामात लोखंडे यांना सामील करून घेण्यात आलं. १८९१ साली सुधारित फॅक्टरी कायदा झाला. आठवड्याची सुट्टी अन् दुपारची अर्ध्या तासाची सुटी आता कायद्यात आली. बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. मुलांचं किमान वय सातावरून नऊ झालं अन् त्यांचे तास नवावरून सात झाले. पुरुषांच्या तासांना मात्र तेव्हाही मर्यादा घातली गेली नाही.

हा दिवस बघायला जोतीराव फुले होते. पाच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

सहा दिवसांचा आठवडा बसवताना

सुट्टी मिळाली, पण आठवडा आखूड झाला की हिशेब बदलतो. मालकाच्या डोळ्यासमोर एक दिवस बंद पडलेलं यंत्र होतं. कामगाराच्या डोळ्यासमोर एका दिवसाची मजुरी होती. विणकराला तर कापडावर मजुरी, जेवढं कापड तेवढा पैसा. सात दिवसांची भाकरी सहा दिवसांत कमवायची होती. तरीही कामगारांनीच ही मागणी केली होती, कारण सुट्टी नसली तरी शरीर सुट्टी घेतंच. दमलेला माणूस आजारी पडतो, गावाकडं निघून जातो, नाहीतर यंत्रावर डुलकी लागून हात गमावतो.

मालकांनीही पुढं दिवस भरून काढला. गिरण्यांत विजेचे दिवे आले अन् सूर्यावर चालणारी वेळ संपली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या काही गिरण्या दिव्याच्या उजेडात चौदा-चौदा तास चालू लागल्या. म्हणजे आठवडा आखूड झाला, तर दिवस लांबला. एका हातानं दिलेला रविवार दुसऱ्या हातानं सोमवार ते शनिवारात वसूल व्हायला लागला. डबल खाडा नावाची एक चालही गिरण्यांत होती. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची.

म्हणून लढा एका सुट्टीवर थांबला नाही. १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ ला आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ ला चोपन्न. स्वातंत्र्याच्या तोंडावर ते अठ्ठेचाळीस झाले अन् १९४८ च्या कारखाने कायद्यानं तेच कायम केले. महालक्ष्मीच्या सभेपासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत यायला जवळजवळ साठ वर्षं लागली. प्रत्येक टप्प्याला कुणीतरी उत्पादन बुडेल असं म्हणत होतं, अन् प्रत्येक टप्प्यानंतर गिरण्या चालूच राहिल्या.

शेवटची सेवा

रविवार मिळवून लोखंडे घरी बसले नाहीत. सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजासाठी द्यावा, असं त्यांचं म्हणणं सांगितलं जातं, अन् त्यांचं स्वतःचं वागणं तसंच होतं. विधवा बाईचं डोकं भादरायची जी क्रूर चाल होती, तिच्याविरुद्ध १८९० साली त्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हावी समाजाची सभा झाली अन् हे काम आम्ही करणार नाही असं ठरलं. नियम मोडायला त्यांनी शास्त्राचे पंडित गाठले नाहीत. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनाच गाठलं.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल पेटली. गिरणगावात दोन्ही धर्मांचे कामगार एकाच यंत्रावर काम करत होते. दंगलीनंतर लोखंडे यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा एकोप्याचा मोठा मेळावा घेतला. १८९५ साली सरकारनं त्यांना रावबहादूर किताब दिला.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत प्लेगचा रोगी सापडला. ज्या मांडवीत लोखंडे यांनी गोदाम सांभाळलं होतं, त्याच भागातून ही साथ शहरभर पसरली. लोक मिळेल त्या वाटेनं मुंबई सोडून पळाले. कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून चालत परतलेली माणसं ज्यांनी आपल्या गावच्या वेशीवर पाहिली, त्यांना ते चित्र कळेल. लोखंडे पळाले नाहीत. रोग्यांसाठी दवाखान्याची सोय करण्यात ते गुंतले. त्यातच त्यांना प्लेग झाला अन् ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. जवळपास एक महिन्यानं, १० मार्च १८९७ ला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुलेही गेल्या.

त्यांच्या नावाची संस्था मुंबईत परळला आहे, नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. ३ मे २००५ रोजी टपाल खात्यानं त्यांच्या नावे तिकीट काढलं. ज्या खात्यात त्यांनी कधीकाळी नोकरी केली, त्याच खात्याच्या पाकिटावर ते शंभरेक वर्षांनी परत आले.

परभणीत रविवार उशिरा आला

मुंबईत १८९० ला रविवार मिळाला तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. इंग्रजांचा फॅक्टरी कायदा इथं लागू नव्हता. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांना सुट्टी असायची ती शुक्रवारची. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं अन् त्यानंतर आपल्याकडंही रविवार रुळला. म्हणून आपल्या पणजोबांच्या आठवणीत रविवार हा सुट्टीचा वार नव्हताच.

शेतीचा आठवडा तर याहून वेगळा. शेतकऱ्याची सुट्टी कॅलेंडरात नसते. आठवडी बाजार भरला की मजूर कामाला येत नाहीत, तोच त्यांचा रविवार. काही गावांत सोमवारी औताला बैल जुंपत नाहीत. पोळ्याला तर बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून त्याला दिवसभर मोकळं सोडायचं, हे न सांगता पाळलं जातं. जनावरालाही विसावा लागतो हे आपल्या माणसाला कायद्यानं शिकवावं लागलं नाही.

आता आठवडा आणखी आखूड झाला आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या अन् चौथ्या शनिवारी सुट्टी असते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शाळा, दवाखाने, पोलीस अशा सेवा त्यातून वगळल्या. शनिवार गेला, त्या बदल्यात रोजचं काम पाऊण तासानं वाढलं अन् वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा झाली. गिरणीत जे घडलं होतं, तोच हिशेब इथं सरळ कागदावर झाला. दिवस कमी, तर तास जास्त. कर्मचाऱ्याची सुट्टी त्याच्या हक्काची आहे. पण ते वाढलेले तास खुर्चीवर भरले, तरच तालुक्याला चाळीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाचा खाडा वाचतो. त्याचा एक हेलपाटा म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी.

अजून खाडा पडतोच

लोखंडे यांच्या आयुष्याकडं आज बघायचं ते यासाठी. रविवार मिळाला, पण तो सगळ्यांपर्यंत पोहोचलेला नाही. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे फडात उतरायचं, गाडी भरायची वेळ रात्री-अपरात्री कधीही. ताप आला, लेकरू आजारी पडलं, बाईची पाळी आली, तरी दिवस चुकला की खाडा अन् तो पैसा उचलीत चढतो. मुकादम अन् खाडा, गिरणीतले ते दोन्ही शब्द आपल्या उसाच्या फडात अजून रोजच्या बोलण्यात आहेत. साप्ताहिक सुट्टी हा शब्द मात्र तिथं नाही.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यानं मजुराचा आठवडा सहा दिवसांचा धरला. कागदावर का होईना, गावच्या मजुराला सातवा दिवस विसाव्याचा मिळाला. ऊसतोड मजुराच्या, सालगड्याच्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला तेवढंही आलेलं नाही. अन् रविवारी सगळं घर निवांत असतं तेव्हा चुलीपुढचं काम उलट वाढतं. महालक्ष्मीच्या मैदानावर बोलायला उभ्या राहिलेल्या त्या दोन बायकांची मागणी घरात अजून बाकीच आहे.

सहा वर्षं, साडेपाच हजार सह्या अन् दहा हजार माणसांची एक सभा, एवढी किंमत त्या एका दिवसासाठी मोजली गेली. ती मोजताना लोखंडे यांनी दगड उचलला नाही, गिरणी जाळली नाही. माणसं जमवली, त्यांचं म्हणणं कागदावर आणलं अन् उत्तर येईपर्यंत दार सोडलं नाही.

दरवर्षी १० जून येतो तेव्हा परभणी जिल्ह्यात मृगाचे पहिले दिवस असतात. बियाणं घरात येऊन पडलेलं असतं, नजर आभाळाकडं असते अन् पाऊस झाला तर वार कोणता हे कुणी विचारत नाही. त्या घाईत त्या तारखेची आठवण कुणाला राहत नाही. निदान यंदा पेरणीच्या रानात दुपारची भाकरी सोडताना, हाताखालच्या मजुराला जेवायला पुरता अर्धा तास मिळतो का अन् आठवड्यातला एक दिवस त्याचा स्वतःचा असतो का, एवढं तरी बघता येईल.